काळी, पांढरी आणि मधली भेग

ऑक्टोबर २०२४. गहुंजेच्या स्टेडियमवर भारत-न्यूझीलंड कसोटी. मिचेल सँटनरने दोन डावांत मिळून १३ बळी घेतले, आपण ११३ धावांनी हरलो आणि घरच्या मैदानावर सलग १८ मालिका जिंकण्याचा आपला सिलसिला तिथेच तुटला. त्या आठवड्यात कॉलेजच्या कट्ट्यावर एकच विषय होता, काळ्या मातीची खेळपट्टी. काळी माती म्हणजे चेंडू खाली राहणार आणि हळू येणार, लाल माती म्हणजे उसळणार, एवढं आता गल्लीत टेनिस बॉलने खेळणाऱ्यालाही पाठ आहे. पण ही काळी माती म्हणजे नक्की काय, तिलाच एवढ्या भेगा का पडतात आणि पावसाळ्यात त्या भेगा जातात कुठे, असं कुणी विचारलं की आपली बॅटिंग कोसळते!

याचं उत्तर शोधायला खेळपट्टीवर जायची गरज नाही. पुण्याहून सातारा हायवेने निघायचं, खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकायचा, चेलाडी फाटा सोडायचा की येतं कापूरहोळ. उजवीकडे भोरचा रस्ता, डावीकडे नारायणपूर-सासवडचा. आपल्यापैकी बहुतेकांनी हे गाव बालाजीला किंवा पुरंदरला जाताना चहापुरतं पाहिलेलं असतं. इतिहासवाल्यांना ते धाराऊचं गाव म्हणून माहीत असतं. १६५७मध्ये पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, त्यांना दूध पाजणारी धाराऊ गाडे पाटील इथलीच. आता हायवेवरून जाताना नजरेत भरतात ते मात्र बोर्ड. एनए प्लॉट, फार्महाऊस प्लॉट, वीकेंड होम, हायवे टच.

या बोर्डांचा आणि भेगांचा संबंध काय? बराच आहे. माझ्या वर्गातल्या एका मित्राच्या घरी सध्या त्यावरूनच वाद पेटलाय.

प्रश्न एका तुकड्याचा

मित्राच्या घरची कापूरहोळजवळ थोडी शेती आहे. तिचे सरळ दोन भाग पडतात. वरच्या अंगाला मुरमाड, दगडगोट्यांचा तुकडा. खालच्या अंगाला, ओढ्याकडे, काळी जमीन. रस्ता जातो तो खालच्या तुकड्याला लागून, त्यामुळे एजंटला पाहिजे तोही खालचाच तुकडा. काकांचं म्हणणं, उन्हाळ्यात तिथे पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात बैल फसेल एवढा चिखल होतो, असल्या जमिनीला गुंठ्यामागे चांगला भाव मिळतोय तर देऊन मोकळं व्हावं. आजीचं म्हणणं, घर बांधायचं तर वर बांधा, विकायचं तर वरचं विका, पण काळीला हात लावायचा नाही. का, ते ती सांगत बसत नाही. तिच्या मते ते सांगायची गरजच नाही.

मे महिन्यात मी त्या रानात गेले. भेग म्हणजे आपल्या टाचेला पडते तशी काहीतरी असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात तीन बोटं सहज आत जात होती. मोजायला नेलेली स्टीलची टेप एका भेगेत सोडली, ती अडीच फुटांपर्यंत विनाअडथळा गेली. वरून बघितलं तर सगळं रान षटकोनी-पंचकोनी लाद्या बसवल्यासारखं दिसत होतं. शेजारच्या प्लॉटवर पायासाठी जेसीबीने चर खणला होता, त्यामुळे जमिनीचा उभा कापही बघायला मिळाला. केकचा तुकडा कापून आतले थर बघावेत तसा.

चरातले थर

सगळ्यात वर दोन-तीन बोटांचा भुसभुशीत थर. ज्वारीच्या दाण्याएवढे कण, हाताने सहज वेगळे होणारे. हा थर नांगराने केलेला नाही. माती ओली-कोरडी होत राहते, फुगते-आकसते आणि वरचा पापुद्रा स्वतःच फुटून बारीक होतो. शेतात आपण पालापाचोळ्याचं आच्छादन करतो ना, तसं ही माती स्वतःवर स्वतःचंच आच्छादन घालते.

त्याखाली नांगरटीचा थर. इथे कडक ढेकळं, भेगांनी वेगळी झालेली. आणखी खाली, कमरेएवढ्या खोलीवर, खरी गंमत. इथली ढेकळं चौकोनी नाहीत, पाचरीसारखी आहेत, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळती, सगळी तिरकी बसलेली. एखादी पाचर ओढून काढली तर तिचा पृष्ठभाग चकचकीत दिसतो, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतो. गवंड्याने थापी मारून घोटून घेतल्यासारखा. हे घोटकाम मातीनेच केलेलं असतं. ओली झाल्यावर फुगायला जागा मिळत नाही, मग मातीचे ढेपे एकमेकांवर तिरके घसरतात आणि घासून घासून चकाकतात.

त्याच्या खाली पांढरट खडे दिसू लागतात. हे चुनखडीचे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना खाली उतरतो, पाणी संपतं तिथे खड्यांच्या रूपात साचतो. अशा खड्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले तर बारीक बुडबुडे येतात. मग मुरूम, म्हणजे अर्धवट कुजलेला दगड. आणि सगळ्यात तळाशी आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसॉल्ट.

हा क्रम कळला की आणखी एक गोष्ट कळते. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती, काडीकचरा, लेंड्या, सगळं भेगांमधून खाली पडतं. पावसाळ्यात माती फुगते, पण खाली तर आधीच वरून पडलेला माल भरलेला असतो. मग दाब येतो आणि खालची माती वर सरकते. असं वर्षानुवर्षं चालतं. म्हणजे ही जमीन हळूहळू स्वतःलाच पालथी घालत असते. म्हणूनच शास्त्रज्ञांनी हिचं नाव ठेवलंय 'व्हर्टिसॉल', 'उलटवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला 'रेगूर' हा शब्द तेलुगूतल्या 'रेगड'वरून आलेला. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र एकच शब्द, 'काळी'.

कुठल्याही भेगाळ जमिनीला व्हर्टिसॉल म्हणता येत नाही बरं का. त्यासाठी वरच्या अर्ध्या मीटरमध्ये किमान ३० टक्के चिकणमातीचे कण हवेत, दर मोसमाला उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा हव्यात आणि मीटरभर खोलीच्या आत त्या पाचरी किंवा ते घोटलेले पृष्ठभाग हवेत.

वडापावचं शास्त्र

आता भेगा का पडतात ते बघू. चिकणमातीचा कण म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान कण. काळ्या मातीत या कणांमध्ये स्मेक्टाइट गटातली खनिजं जास्त असतात. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध मॉन्टमोरिलोनाइट, फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलोन गावावरून नाव पडलेलं.

या खनिजाची रचना वडापावसारखी असते. वर-खाली सिलिकाचे दोन पाव, मध्ये ॲल्युमिनियमचा वडा. असे हजारो वडापाव एकावर एक रचलेत असं समजा. प्रत्येक वडापाव स्वतः घट्ट आहे. पण दोन वडापावांमधलं नातं अगदी सैल. तिथे कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे आयन बसलेले असतात आणि त्यांना पाणी फार प्रिय. पाऊस पडला की पाणी या फटींमध्ये शिरतं, थर एकमेकांपासून लांब जातात, ढीग उंच होतो. पाणी उडून गेलं की ढीग पुन्हा बसतो. माती खाली बसताना आपल्याला दिसत नाही, पण आडवी आकसताना ती फाटते. तीच भेग.

कोकणातल्या लाल मातीत असं का होत नाही? कारण तिथे मुख्य चिकणखनिज वेगळं आहे, केओलिनाइट. त्यात एक पाव, एक वडा अशी रचना, आणि शेजारचे थर हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. पाण्याला आत शिरायला फटच नाही.

या फटींमुळे मॉन्टमोरिलोनाइटचं आतलं क्षेत्रफळ अफाट असतं. शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे उलगडले तर ते ७०० चौरस मीटरच्या पुढे जातं. म्हणजे चिमूटभर मातीत व्हॉलीबॉलची चार मैदानं! पाणी आणि पिकाची अन्नद्रव्यं धरून ठेवायला एवढी जागा, म्हणून ही जमीन 'कसदार'. काळ्या रंगावरून मात्र फसायचं नाही. यात सेंद्रिय कर्ब भरपूर असणार असं वाटतं, पण बहुतेक काळ्या जमिनींत तो एक टक्क्याच्याही खाली असतो. जो थोडा असतो तो चिकणमातीला घट्ट चिकटलेला, म्हणून रंग गडद.

डोंगर उतरला की माती बदलते

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. राजगड, तोरणा, पुरंदर, आपण ट्रेकला जातो ते सगळे किल्ले याच थरांवर उभे आहेत. हा दगड कुजला की त्यातून चिकणमाती तयार होते. पण एकाच दगडापासून एकच माती तयार होत नाही. सह्याद्रीच्या माथ्याकडे प्रचंड पाऊस. तिथे चुना, मॅग्नेशियम धुऊन जातात, लोह मागे उरतं आणि माती तांबडी होते. पूर्वेला पाऊस कमी. तिथे सखल भागात हे क्षार साचून राहतात आणि स्मेक्टाइटला पोषक वातावरण मिळतं.

कापूरहोळ या दोन्हींच्या सीमेवर आहे. पश्चिमेला भोर-वेल्ह्याच्या डोंगरातली भातखाचरं, पूर्वेला सासवडकडचा कोरडा पट्टा. त्यामुळे इथली सगळी जमीन काळी नाही. टेकडीवर बरड, उतारावर मध्यम, ओढ्या-नदीच्या काठाला काळी. शिवगंगा, गुंजवणी, नीरा यांच्या खोऱ्यांत हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. खोल काळी जमीन म्हणजे आख्ख्या टेकडीने हजारो वर्षांत खाली पाठवलेली ठेव. मित्राच्या घरचे ते दोन तुकडे म्हणजे याच क्रमाचा छोटा नमुना. आणि म्हणूनच ते एकमेकांना पर्याय नाहीत.

घटाघटा पिणारी, मग तोंड मिटणारी

मृगाचा पहिला पाऊस येतो तेव्हा भेगाळलेली जमीन घटाघटा पाणी पिते. पाणी भेगांमधून थेट खाली जातं. काही दिवसांनी माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन पाण्याला जवळजवळ दार बंद करते. नंतरचा जोराचा पाऊस वरून वाहून जातो आणि सोबत मातीही नेतो. म्हणजे एकाच शेतात, एकाच महिन्यात, पाण्याच्या बाबतीत दोन टोकाच्या जमिनी!

आत गेलेलं पाणी मात्र ती सहजासहजी सोडत नाही. मीटरभर खोल काळी जमीन पिकाच्या कामी येईल असं साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. रब्बीची ज्वारी या शिलकीवरच उभी राहते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ आजही आपल्या भाकरीत आहे, तिची सगळी कमाई या साठवलेल्या ओलीवरची. थंडीत जमीन वाळून भेगा पडू लागल्या की ओल त्यातून उडून जाते आणि पिकाची मुळंही तुटतात. म्हणून पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करायची शिफारस आहे. शेवटच्या कोळपणीने भेगा मातीने बुजतात. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात ते यामुळेच.

आणि एक शब्द पाठ करून ठेवा, वाफसा. काळी जमीन सुकली की ढेकूळ दगडासारखं, भिजली की चिखल चपलेसकट पाय धरून ठेवणार. या दोन्हींच्या मधले मोजके दिवस, जेव्हा माती ना चिकटते ना फुटायला नकार देते, तो वाफसा. शेतकरी मूठभर माती दाबून, सोडून, बोटाने फोडून ठरवतो की आज औत चालेल की नाही. कुठलंही ॲप अजून हे त्याच्याइतकं झटपट सांगत नाही.

माळ, मेंढरं आणि ऑस्ट्रेलिया

जगात काही ठिकाणी ही भेगाळणारी माती नांगराखाली गेलीच नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड आणि नॉर्दर्न टेरिटरीमध्ये मैलोन्‌मैल गवताळ मैदानं आहेत, मिचेल गवताची. झाड जवळजवळ नाहीच. तिथल्या काही भेगाळ जमिनींवर खड्डे आणि उंचवट्यांची नक्षी दिसते, माती सतत उलटत राहिल्यामुळे तयार झालेली. त्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचतं. त्यांना 'गिलगाय' म्हणतात, हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. अमेरिकेत तर 'ह्यूस्टन ब्लॅक' ही भेगाळ काळी माती टेक्सासची राज्यमाती मानली जाते. आपल्याकडे राज्यप्राणी शेकरू आहे, राज्यपुष्प ताम्हण आहे. मातीला मात्र अजून वाली नाही!

आपल्याकडे खोल काळी जमीन कधीच शेतीखाली गेली. गुरांना उरला तो वरच्या अंगाचा माळ, गायरान, बांध आणि ओढ्याचा काठ. माळावर कुसळी, खालच्या काळीच्या बांधावर मारवेल. मारवेलसारखं बारमाही गवत वर्षभर माती धरून ठेवतं. ते ओरबाडलं गेलं की उघडी माती जास्त तापते आणि पहिल्या जोराच्या पावसात ओढ्यात जाते.

पण चराईचं आणि काळीचं नातं एका ठिकाणी अजून टिकून आहे. फलटण-बारामतीकडचे धनगर दिवाळीच्या आसपास कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याआधी परततात. वाटेत शेतकरी रिकाम्या रानात त्यांची मेंढरं बसवून घेतात, मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतात. मेंढरांच्या खुरांनी वरची ढेकळं फुटतात, लेंड्या भेगांमधून खाली उतरतात. बाकीचं काम जमीन स्वतःला उलटवताना करते. खत घालायचं, गाडायचं आणि कालवायचं, तिन्ही कामं फुकटात! मात्र हे कोरड्या दिवसांतच. ओल्या काळीवर जनावरं फिरली की माती दाबून घट्ट होते आणि तिचा पोत बिघडतो.

गायरानांवर आता सगळीकडेच डोळा आहे. २०११मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं हटवायला राज्यांना योजना आखायला सांगितलं. पण कागदावरचा निकाल आणि गावातली मोजणी यांच्यामध्येही एक भेग असतेच.

पांढरीवर घर, काळीत पीक

आता आजीच्या हट्टाकडे येऊ. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हा नुसता रंगांचा हिशेब नव्हता. वस्ती उंचवट्यावर, भक्कम जागी. सखल, खोल, कसदार जमीन पिकासाठी राखलेली. भिंतीखालची जमीन दरवर्षी वर-खाली होणार असेल तर घर टिकत नाही, हे त्यांना प्रयोगशाळेशिवाय कळलेलं होतं.

इंग्रजांनाही हे मोजायचं होतं, अर्थात साऱ्यासाठी. आपल्याच जिल्ह्यातल्या इंदापुरात १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी जमीनमोजणी सुरू केली. (भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान, ते १९४८मध्ये विलीन झालं.) त्यांच्या पद्धतीत जमिनीचे नऊ वर्ग होते. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी माती म्हणजे पूर्ण सोळा आणे. खोली कमी झाली की आणे कमी, चुनखडीचे खडे दिसले की प्रत खाली. जमिनीची किंमत ठरवताना तिच्यात हात घालून बघावं लागायचं. आज प्लॉटचा भाव ठरतो तो हायवेपासूनच्या अंतरावर. सातबाऱ्यावर क्षेत्र दिसतं, खोली दिसत नाही.

आणि याची किंमत नंतर घर बांधणारा मोजतो. काळ्या मातीवर साधा उथळ पाया घातला तर काय होतं? घराच्या मधोमध जमीन झाकलेली, ओल टिकून. कडेची जमीन उन्हाळ्यात वाळते, पावसाळ्यात फुगते. एका कोपऱ्यात बागेचं पाणी, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी शोषणारं झाड. घराचा एक भाग उचलला जातो, दुसरा बसतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. दरवाजे पावसाळ्यात अडकायला लागतात. मग दरवर्षी क्रॅक-फिलर, दरवर्षी रंग.

यावर उपाय नाहीत असं अजिबात नाही, आणि ते आपल्याच संशोधकांनी शोधलेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी अंडररीम्ड पाइल्स विकसित केले. तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेला खांब, मोसमी हालचाल पोहोचत नाही अशा खोलीपर्यंत, साधारण साडेतीन मीटर, नेऊन रोवायचा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं की फुगणाऱ्या मातीवर साधारण मीटरभर जाडीचा न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर दाबून बसवला तर खालचा फुगवटा आवरता येतो. कालवे आणि रस्त्यांच्या कामात हे तंत्र वापरलं जातं. त्यासाठी योग्य प्रकारचा मुरूमही चालतो.

पण इथेच थोडं थांबून विचार करा. काळी जमीन प्लॉटसाठी भरायची तर मुरूम पाहिजे. मुरूम कुठून येणार? कुठल्या तरी टेकडीतून. म्हणजे घर बांधायला योग्य असलेली टेकडी फोडायची आणि पिकाला योग्य असलेली काळी तिच्याखाली गाडायची. एका घरासाठी दोन जमिनी खर्च! आजोबा-पणजोबांनी काळी-पांढरीची जी विभागणी केली, ती आपण जेसीबी लावून नेमकी उलटी करतोय. आणि काळी एकदा काँक्रीटखाली गेली की तिचं उघडणं-मिटणं संपलं. पुढच्या पिढीला पश्चात्ताप झाला म्हणून ती परत मिळत नाही.

करून बघा

घरच्या जमिनीतली वीतभर खालची माती आणा, वाळवून बारीक करा. मग यातलं काहीही करा.

एक, बाटलीच्या झाकणात ओल्या मातीचा लगदा काठोकाठ भरा, सपाट करा, सावलीत वाळू द्या. दोन-तीन दिवसांनी माती झाकणाच्या कडेपासून किती सुटली ते पट्टीने मोजा. वरच्या मुरमाड मातीचंही तसंच करून शेजारी ठेवा. फरक डोळ्यांनी दिसेल.

दोन, ओली माती अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पुढे सरकवा आणि तिची पट्टी काढा. पट्टी जितकी लांब निघेल तितकी चिकणमाती जास्त. लगेच तुटली तर जमीन हलकी.

तीन, सिव्हिलवाल्यांनी आपल्या लॅबमध्ये फ्री स्वेल चाचणी करावी. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेल्या, भट्टीत वाळवलेल्या मातीचे १०-१० ग्रॅमचे दोन नमुने घ्यायचे. १०० मिलिलिटरच्या दोन मापनपात्रांत, एक पाण्यात आणि एक रॉकेलमध्ये, २४ तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातलं आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा किती टक्क्यांनी वाढलं तो फुगवटा. ५०च्या आत असेल तर जमीन फारशी फुगणारी नाही. २०० ओलांडलं तर पायाचा विचार चारदा करा.

पोषणमूल्यं कळण्यासाठी मृदा आरोग्य पत्रिका आहेच. २०१५पासून ही योजना चालू आहे, पण किती जणांनी घरातली पत्रिका एकदा तरी वाचलीये? आणि हा विषय आवडला तर त्यात करिअरही आहे. पुण्याचं कृषी महाविद्यालय १९०७पासून आहे, राहुरीचं विद्यापीठ आहे, नागपूरला देशाच्या मृदा सर्वेक्षणाची मुख्य संस्था आहे. सिव्हिलवाल्यांना जिओटेक्निकल शाखा, भूगोलवाल्यांना जीआयएस. मातीवर काम करायला सगळ्यांनाच जागा आहे.

दिवाळीपर्यंत मुदत

मित्राच्या घरचा निर्णय अजून झालेला नाही. एजंटने दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. काकांचंही चुकतं असं नाही. त्यांच्या डोक्यावर मुलीच्या शिक्षणाचा खर्च आहे आणि ज्वारीच्या भावात तो भागत नाही. कसदार जमीन वाचवा असं शहरात बसून लिहिणं सोपं आहे, तिच्यावर घर चालवणं अवघड. पण निदान विकताना आपण काय विकतोय हे तरी माहीत असावं. म्हणून मित्राने आता एक काम केलंय. दोन्ही तुकड्यांची माती झाकणांमध्ये भरून काकांच्या टेबलावर ठेवलीय, आणि वरच्या मुरमाडापर्यंत रस्ता काढायला किती खर्च येईल याचा अंदाज मागवलाय. वर घर, खाली पीक असं जमलं तर थोडं वरचं विकून खालचं राखता येईल. जमेलच असं नाही. पण आता घरातलं बोलणं भावावर अडकून राहिलेलं नाही, खोलीपर्यंत आलंय.

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आज ना उद्या हेच बोलणं निघणार आहे. पुण्याभोवतीच्या कुठल्याही हायवेला कान लावा, तोच एजंट, तोच बोर्ड. तेव्हा सुट्टीत गावी गेलात की घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एवढं विचारा, आपली काळी कुठे संपते आणि मुरूम कुठे सुरू होतो. त्यांना नक्की माहीत असतं. आणि त्यांच्यानंतर ते सांगणारं घरात बहुतेक कुणी नसतं.